बदकाची पिशवी

लग्न असो, पोराचं पहिलं पाऊल असो की म्हाताऱ्याची नव्वदी, आमच्या आत-बाशी गावात सगळ्या समारंभांना तोय म्हणतात, आणि तोय म्हटली की फोटो काढायला जिपारा हवीच. जिपारा आली म्हणजे तिची सासू तुर्सुनायही आलीच. तिला वेगळं आमंत्रण लागत नसे. ती आपली आपण जाऊन वाजवणाऱ्यांच्या शेजारची खुर्ची धरायची, मांडीवर सुनेची काळी पिशवी घ्यायची आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून अशी काही बसायची, की परगावचे पाहुणे नवरा-नवरीच्या आधी तिलाच सलाम करत.

पिशवीत लांब लेन्स असायची, फ्लॅश असायचा, बॅटऱ्या असायच्या. तुर्सुनायला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कधी काय लागणार ते तिला सुनेच्या खांद्यांवरून कळायचं. जिपारा दोन पावलं मागे सरली की लांब लेन्स, मान तिरकी करून छताकडे बघितलं की फ्लॅश. ती मागायच्या आत सासूचा हात पुढे. माझी सून बघते तेव्हा माणसं आपोआप सरळ उभी राहतात, असं तुर्सुनाय शेजारणींना सांगायची, आणि एखादीने त्यावर नाक मुरडलं तर तिच्याशी पुढचे चार दिवस बोलणं टाकायची.

खरं म्हणजे ती काही खोटं सांगत नव्हती. जिपाराच्या फोटोत आत-बाशीची माणसं खरोखरच होती त्याहून बरी दिसत, आणि तरी होती तशीच दिसत. हे तिला कसं जमतं ते कुणालाच उमगलं नव्हतं.

मग ती मांसाची भानगड झाली.

आमच्याकडे तोयहून रिकाम्या हाताने कुणी घरी जात नाही. ताटातलं हाड, पिठाचे तळलेले बोर्सोक, मिठाई, जे उरेल ते बांधून न्यायचं आणि घरच्यांच्या तोंडी त्यातला घास घालायचा. नाही नेलं तर यजमानाला ते लागतं. वसंतातल्या एका लग्नात तुर्सुनायच्या वाट्याला मेंढीच्या मांडीचा चांगला जाड तुकडा आला. सून सकाळपासून उभी होती, पोटात चहाशिवाय काही नव्हतं.  तुर्सुनायने मांस पातळ प्लास्टिकात बांधलं आणि सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवलं. तिच्या मते जगातली सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणजे तिच्या मांडीवरची पिशवी.

घरी येताना गाडीत प्लास्टिक फाटलं. मेंढीची चरबी गरम असते तोवर पाण्यासारखी धावते आणि गार झाली की मेणासारखी बसते. लांब लेन्सच्या सांध्यासांध्यांत ती अशीच जाऊन बसली.

मुलगा मिर्लान बोलायचं ते बोलला. जिपारा मात्र कापूस आणि स्पिरिट घेऊन खिडकीशी बसली, अंधार पडेपर्यंत पुसत राहिली, आणि लेन्स काही वाचत नाही हे कळल्यावर तिने ती जुन्या मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवली. "होतं असं, आपा," एवढंच म्हणाली. तुर्सुनायला वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या सुनेला उत्तर देता येतं.

पुढच्या तोयला पिशवी जिपाराच्या स्वतःच्या खांद्यावर होती. आपा, तुम्ही मैत्रिणींत बसा, मांडी किती दुखवून घ्याल, असं ती अगदी गोड बोलून म्हणाली होती, आणि त्या गोडपणानेच तुर्सुनायचा जीव गेला. ती मैत्रिणींत बसली. मांडी रिकामी, हात कुठं ठेवावेत कळेना. समोर सून पिशवी सावरत पळत होती. वाकली की पिशवी पुढे झोंबायची, उठली की मागे ओढायची. नवरीने डोक्यावरची ओढणी वर केली त्या क्षणी जिपाराचं कोपर पिशवीत अडकलं, आणि ज्या पोरीचा हात कधी चुकला नव्हता तिचा हात चुकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुर्सुनायच्या आलं.

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती, ती पिशवी पुन्हा आपल्या मांडीवर. पण मागून घ्यायची नव्हती. सुनेने आपण होऊन दिली तरच त्यात राम.

त्यात काळ्या पिशवीला मेंढीचा वास कायमचा राहिला. धुतली, उन्हात टाकली, आत वाळलेला सुवासिक पाला कोंबला, पण गल्लीतली कुत्री जिपाराच्या मागोमाग तोयच्या दारापर्यंत यायची. नवी पिशवी घेणं भागच होतं. शिवाय उन्हाळ्यात गावातल्या म्हाताऱ्या झूराकान एजेच्या नवऱ्याची नव्वदी वर कुरणावर होणार होती, जिथं शेवटची वाट घोड्यावरून कापावी लागते. मिर्लानने फोनवर बिश्केकच्या दुकानातली खास कॅमेऱ्याची पिशवी पाहिली, किंमत वाचली आणि विचारलं, यात कॅमेरापण येतो का. तो विषय तिथंच मिटला.

म्हणून रविवारी सासू-सून बाजारात गेल्या. जिपारा कॅमेरा घेऊन आली होती. तुर्सुनायने टॉवेलात गुंडाळून चहाच्या चिनी वाट्या आणल्या होत्या.

"या कशाला?" जिपाराने विचारलं.

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात वाट्या घोड्यावरून कुरणावर नेतेय. अजून एक फुटली नाही. जी पिशवी वाट्या सांभाळेल ती तुझी काच सांभाळेल."

पिशव्यांचा गाळा शायलो नावाच्या माणसाचा होता. आत-बाशीत त्याच्यासारखा बोलघेवडा दुसरा नाही, पण तुर्सुनायने त्याच्या पिशवीत वाट्या घालून ती गुडघ्याएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकली तेव्हा तोही बोलणं टाकून खाली वाकून बघायला लागला. ती होती वीजवाल्यांची हत्यारांची पिशवी, दणकट, तळ लाकडासारखा टणक. आतून टण्‌ असा आवाज आला. वाटीला तडा गेला होता. तुर्सुनायने ती वाटी शायलोसमोर ठेवली आणि हा तुझा माल, असं म्हणून पुढची पिशवी मागितली.

शाळेचं दप्तर मऊ होतं, पण दर वेळी पाठीवरून उतरवायला लागणार होतं. एक पिशवी सगळ्या बाबतीत छान होती, पण तिचं झाकण वेल्क्रोच्या चिकटपट्टीचं. जिपाराने ते उघडलं आणि कर्रर्र आवाजाने शेजारच्या गाळ्यावरची बाई वळून बघायला लागली. म्हातारे तळहात उघडून आशीर्वाद देत असताना हा आवाज आला तर आशीर्वाद अर्ध्यात राहायचा, असं जिपारा म्हणाली आणि तीही बाजूला ठेवली. मग शायलोने डबे थंड ठेवायची पिशवी काढली. जाड, मऊ, चौकोनी, वरून उघडणारी. वाट्यांना काही झालं नाही. स्वस्तही होती. जिपाराने ती हातात घेतली, सासूकडे बघितलं नाही, आणि हळूच खाली ठेवली. तुर्सुनायचे कान गरम झाले. ती पिशवी नुसती बघितली तरी आत मांस ठेवावंसं वाटत होतं.

तेवढ्यात जिपाराची नजर गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथं दुपटी, दुधाच्या बाटल्या, झबली असा माल होता. एक तरुण आई कडेवर पोर घेऊन उभी होती, आणि मोकळ्या हाताने, न बघता, आपल्या पिशवीतून आधी बाटली, मग रुमाल, मग खुळखुळा काढत होती. पोर रडत होतं, ती दुकानदाराशी घासाघीस करत होती, आणि हात आपलं काम करत होता. जिपारा तिच्याकडे बघतच राहिली. तुर्सुनायला ती नजर ठाऊक होती. फोटो काढायच्या आधी ती अशीच बघायची.

"तसली दाखवा," जिपारा म्हणाली.

शायलोने काढून दिली. मोहरीच्या रंगाची, आत बाटल्यांसाठी जाड मऊ कप्पे, खाली ठेवली तर आपली आपण उभी राहणारी. पुढच्या बाजूला दोऱ्याने पिवळं बदक भरलेलं, त्याच्या चोचीत फूल. जिपाराने कॅमेरा डाव्या हाताने छातीशी धरला, डोळे मिटले आणि उजव्या हाताने पिशवी उघडून फ्लॅश आत घातला, काढला, बॅटरी घातली, काढली. चेन सरकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. सगळ्या बाजारात जी पिशवी कुणाला सुचली नसती ती हिने एका बाईचा हात बघून शोधली होती. तुर्सुनायला इतकं कौतुक वाटलं की ती क्षणभर बाकीचं विसरली.

बाकीचं म्हणजे हे, की जिपारा-मिर्लानच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाई धीर धरा म्हणत. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, कारण तुर्सुनायनेच तशी तंबी दिली होती. बाहेर मात्र सगळेच बोलत.

शायलोचं तोंड कान ते कान पसरलं. "मुबारक हो आपा! कितवा महिना?"



"बाळ नाही, भाऊ, कॅमेरा आहे," जिपारा म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "पट्टा अजून लांब होतो का?"

तुर्सुनायने वाट्या आत घातल्या आणि पिशवी टाकली. एकदा, दोनदा, मग रागाने तिसऱ्यांदा, चांगली खांद्याएवढ्या उंचीवरून. वाट्यांना ओरखडासुद्धा नाही. कुठंतरी एखादी तरी फुटावी असं तिला वाटत होतं, पण पिशवी बेटी खरंच चांगली होती. डब्याच्या पिशवीहूनही स्वस्त पडली.

घरी येऊन तिने सुई आणि कात्री काढली. निदान ते बदक तरी उसवावं. पण टाके आरपार अस्तरापर्यंत गेले होते. उसवलं तर आतला फोम बाहेर आला असता. जिपाराने तिच्या हातातून कात्री काढून घेतली आणि शेजारी बसली.

"राहू दे, आपा. बदकाची पिशवी कोण चोरणार? पण लोक विचारतील. तुम्हाला ऐकवतील. म्हणून कुरणावर ती माझ्याच खांद्यावर राहील. मला सवय झालीय."

आता बघा, इतके दिवस सून पिशवी देत नव्हती ते चरबीमुळे, आणि आता देत नव्हती ते सासूला बोल लागू नये म्हणून. तुर्सुनायला आपली सुटका झाली असं वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही, आणि त्याची तिला लाज वाटली. मैत्रिणींच्या घोळक्यात ती पिशवी मांडीवर घेऊन बसायचं, हे तिच्याने होणारं नव्हतं. पोरगी मात्र ती खांद्यावर टाकून शेकडो माणसांत उभी राहणार होती.

नव्वदीच्या दिवशी घोड्यांवरून वर पोचेतो ऊन चांगलं वर आलं होतं. कुरणावर लोकरी तंबू लागले होते, चुलाणावर कढया चढल्या होत्या. तुर्सुनाय बायकांच्या तंबूत दाराशी बसली. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमीसचा पहिला वाडगा अजून हातात यायचा होता तोच गल्लीतली उल्कान धापा टाकत आत आली. हिच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

"सुयुंचू!" ती म्हणाली. गोड बातमी आधी आणणाऱ्याने असं म्हणून बक्षीस मागायचं असतं. "काढ काय देणार ते! सुनेच्या खांद्यावरचं बदक पाहिलं मी. आम्हाला सांगायचं नाही होय गं?"

बायका वळल्या.  तुर्सुनाय नुसतं हसली असती तरी भागलं असतं. आणखी काही महिने लोकांनी तसंच समजलं असतं, आणि त्या महिन्यांत कुणी जाणे, देवाला दया आली असती.

दारातून तिला बाहेरचं दिसत होतं. नव्वदीच्या म्हाताऱ्याला घोड्यावर बसवत होते. दोन नातू दोन बाजूंनी, आणि म्हातारा त्यांचे हात झटकतोय, मी माझा बसतो म्हणतोय. जिपारा पळत पुढे गेली आणि गवतात पालथी पडली, अगदी घोड्याच्या टापांजवळ. पिशवी तिच्या बरगड्यांखाली आली. ती एका कुशीवर झाली, पिशवी ढकलली, ती परत घसरून आली. म्हाताऱ्याचा पाय रिकिबीत पोचायला आला होता.

तुर्सुनाय उठली. साठीची बाई, गुडघे दुखणारी, पण चुली, कढया, घोडे ओलांडून अशी तरातरा गेली की माणसं बाजूला झाली. ती सुनेशेजारी वाकली आणि तिच्या डोक्यावरून पट्टा काढायला लागली.

"आपा, सगळे बघतायत," जिपारा डोळ्याला लावलेला कॅमेरा न हलवता पुटपुटली.

"बघू देत. त्यांना फोटो काढता येत नाहीत, तेवढं तरी करू देत. दे इकडे."

पट्टा निघाला. जिपारा सापासारखी पुढे सरकली, आणि म्हातारा खोगिरावर बसून छाती काढून हसला तेव्हा ती बरोबर त्याच्या समोर होती. तो फोटो पुढे त्या घराण्यात प्रत्येक भिंतीवर लागला.

तुर्सुनाय पिशवी घेऊन तंबूत परत आली. आता दाराशी नाही, ती सरळ मधोमध जाऊन बसली. पिशवी मांडीवर, बदक बायकांकडे. दोन्ही हात तिने पिशवीवर दाबून धरले.

यजमानीण झूराकान एजे तिच्याकडेच येत होती. तिच्या हातावर पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे होते. एवढं आयुष्य लाभलेल्या माणसाच्या घरचं कापड पोराबाळांना दिलं की तीही उदंड जगतात, म्हणून तोयला ते वाटतात. उल्कानची बातमी तिच्यापर्यंत पोचली असावी. म्हातारीचे डोळे पाण्याने भरले होते. तिने सगळ्यांत मोठा तुकडा निवडला आणि पिशवीत ठेवायला वाकली.

तुर्सुनायने पिशवीच्या तोंडावर हात आडवा धरला.

"एजे, यात बाळाचं काही नाही," ती म्हणाली. मोठ्याने, कारण पुन्हा पुन्हा सांगायची तिची तयारी नव्हती. "माझ्या सुनेची काच आहे यात. बाळ झालं तर मी सगळ्या गावाला मेंढी कापून घालीन. नाही झालं तरी ही पोर माझ्या घराचं नाव आहे. तुमच्या सगळ्यांच्या घरात भिंतीवर जे टांगलंय ना, ते हिने काढलंय. तेव्हा कुणाला वाईट वाटून घ्यायचं असेल तर आपापल्या घरी जाऊन घ्या. माझ्या मांडीवर जागा नाही."

 उल्कान आपल्या नखांकडे बघत होती. झूराकान एजे तशीच वाकलेली, कापड हातात.

"दिलेलं कापड परत घ्यायचं नसतं," शेवटी ती म्हणाली. "शंभर वेळा धुतलंय. लोण्यासारखं मऊ झालंय. हिची काच पुसायला ठेव."

तिने तुर्सुनायचा हात बाजूला केला आणि कापड नीट घडी करून एका कप्प्यात सरकवलं.

दारात जिपारा उभी होती. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता. केसांत गवत, कोपरांना चिखल, डोळे लाल. ती आत आली, सासूसमोर गुडघ्यांवर बसली आणि एका हाताने पिशवी उघडली. नवं कापड काढून काच पुसली. बॅटरी बदलली. सासूकडे बघितलं. बाहेर घोड्यांच्या शर्यतीची आरोळी उठली आणि ती तशीच पळाली. पिशवी उघडीच होती. तिने ती बंद केली नव्हती, सासूच्या मांडीवर तशीच सोपवली होती.

तेवढ्यात ताटं आली. उकडलेल्या मेंढीचे वाफाळते डोंगर, वर चरबी चमकत असलेले. एक ताट तुर्सुनायच्या पुढ्यातच आलं आणि सगळ्यांनी बाह्या सरसावल्या. तुर्सुनायने मात्र दोन्ही तळहात उघड्या पिशवीवर पसरून ठेवले होते.

"घे ना," उल्कान हळू आवाजात म्हणाली.

"माझे हात अडकलेत," तुर्सुनाय म्हणाली. "तू भरव."

आणि उल्कानने चांगला मोठा घास करून, खाली एक थेंब न सांडू देता, तिच्या तोंडात घातला.